विकतचं दुखणं

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. "लग्नसराईसाठी खास! लांब बोट आखूड, अंगठ्याशेजारचा उंचवटा सपाट, पाऊल नाजूक. अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी, दोन आठवड्यांत हाय हील्स. चेहऱ्याची सर्जरी चालते, मग पायाची का नको? मेडिक्लेम आहेच. मुलीबरोबर आईला सवलत." मी फिजिओथेरपिस्ट, रोज लोकांचे पाय हातात घेते. त्यामुळे तिघींनी हा मेसेज मला पाठवून विचारलं, "ताई, करू का गं?"

आधी लांब बोटाचं बघू. अंगठ्याशेजारचं बोट लांब असलेली मुलगी नवऱ्याला नाचवते, असं आपल्याकडच्या आज्या सांगत आल्या. हा आजार नाही, ठेवण आहे. जुन्या ग्रीक पुतळ्यांची पावलंही अशीच असतात आणि त्यांना कुणी व्यंग म्हणत नाही. हे बोट आखूड करायचं म्हणजे हाडाचा तुकडा कापून काढायचा. मग बहुतेक वेळा बोटाच्या टोकातून एक तार घालतात, ती काही आठवडे तिथेच राहते. एवढं करून बोट कधी ताठरतं, कधी जमिनीला टेकतच नाही, अधांतरी राहतं. जोडवी घालायची तीही याच बोटात! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

"उंचवटा सपाट" हे वाचायला सोपं. पण हा उंचवटा, ज्याला डॉक्टर बनियन (bunion) म्हणतात, तो म्हणजे वर उगवलेलं जादा हाड नव्हे, की तासलं आणि झालं. अंगठा बाकीच्या बोटांकडे कलतो, त्याच्यामागचं लांब हाड उलट्या बाजूला सरकतं आणि दोघांचा सांधा बाहेर डोकावतो. नुसतं तासलं तर कल तसाच राहतो. म्हणून हाड कापून सरळ रेषेत आणतात आणि बहुधा स्क्रूने धरून ठेवतात. त्यात ते हाड थोडं आखूड झालं किंवा वर उचललं गेलं, तर अंगठ्यावरचा भार शेजारच्या बोटावर जातो आणि चवड्याखाली दुखायला लागतं. सांधा आखडू शकतो, त्वचेला बधिरपणा येऊ शकतो, कल पुन्हा येऊ शकतो. अंगठा मागे वाकला नाही तर काय होतं, हे जिना चढताना आणि उकिडवं बसताना कळतं. पावलात 26 हाडं आहेत. एकाची जागा बदलली की शेजाऱ्यांनाही हलावं लागतं.

"त्याच दिवशी घरी" हे मात्र खरं. फक्त घरी जाऊन पाय उशीवर ठेवून पडायचं असतं. हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, सूज कित्येक महिने रेंगाळते. दोन आठवड्यांत टाके निघतात, हील्स नाही चढत. आणि ठाण्यात पावसाळ्यात ड्रेसिंग कोरडं ठेवून स्टेशन गाठून दाखवा! तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोचा जंतू शरीरात शिरतो तो बहुधा जखमेतून.

चेहऱ्याशी तुलना करणाऱ्याला एवढंच म्हणेन, की चेहऱ्यावरून कुणी चालत नाही. अमेरिकन ऑर्थोपेडिक फूट अँड अँकल सोसायटी ही पाय-घोट्याच्या सर्जनांचीच संघटना. नुसत्या दिसण्यासाठी पावलाची शस्त्रक्रिया करू नये, अशी तिची भूमिका आहे. ज्यांचं पोट या शस्त्रक्रियांवर चालतं, तेच हे सांगतात.

मेडिक्लेमची गोष्ट दोन ओळींत संपते. अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा वैद्यकीय गरज नसेल तर रूप बदलण्याचे उपचार विमा नियामक आयआरडीएआयने ठरवलेल्या अपवादांत मोडतात, म्हणजे विमा त्यांचा खर्च देत नाही. पैसे खिशातूनच जाणार.

मला सगळ्यात राग आला तो "आईला सवलत" याचा. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. पन्नाशीच्या कित्येक आयांना तो असतो. साखर ताब्यात नसेल, पायाचा रक्तपुरवठा किंवा संवेदना कमी झाली असेल, तर जखम भरत नाही, चिघळते. अशा पायाला हौसेखातर सुरी लावायची?

मी शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. बनियन खरंच दुखत असेल, पुढून रुंद चपला आणि पॅड वापरूनही चालणं अवघड होत असेल, तर ऑर्थोपेडिक सर्जनला जरूर दाखवावं. दुखणाऱ्या पायासाठी वर सांगितलेली जोखीम घेण्यात अर्थ असतो.

त्या तिघींपैकी एकीचं डिसेंबरात लग्न आहे. तिला मी विचारलं, "दुखतं का?" म्हणाली, "नाही, फक्त सँडलमध्ये." मग संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना बोलावलं, कागदावर उभं केलं आणि पेन्सिलीने पाऊल आखलं. गोखले रोडवरून हौसेने आणलेली सँडल त्यावर ठेवली. दोन्ही बाजूंनी रेघ बोटभर बाहेर. तिने खाली वाकून नीट पाहिलं आणि म्हणाली, "ताई, बिल कुठेतरी ठेवलंय मी. बदलून देतील ना?"