जिथं बंदुका, तिथं कोर्ट कशाला?

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा-कोरची भागातल्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरतोय : ‘जिथं बंदुका चालतात तिथं कोर्टाचं काम नाही. कोर्ट नक्षल्यांना सोडतं आणि जवानांचे हात बांधतं.’ 1 मे 2019 ला इथल्याच जांभूळखेड्यात नक्षल्यांनी केलेल्या स्फोटात 15 जवान गेले. त्यामागची चीड मला कळते. पण मजकूर खोटा आहे.

‘हात बांधतं’ म्हणजे काय? सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये चकमकीत माणूस मेल्यावर काय करायचं ते 16 मुद्द्यांत सांगितलं. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी लावा. हे सगळं गोळीबार थांबल्यानंतरचं. अंगावर आलेल्याला जवानाने उत्तर देऊ नये, असं त्यात कुठंही नाही. तेंदूपत्ता तोडायला गेलेला माणूस गोळीत सापडला, तर तो मजूर होता की नक्षली, हे या तपासाशिवाय कसं कळणार?

‘नक्षल्यांना सोडतं’ म्हणणाऱ्यांनी दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतरांवरच्या, नक्षल्यांशी संबंधांच्या आरोपावरून चाललेल्या खटल्याच्या तारखा पाहाव्यात. मार्च 2017 मध्ये गडचिरोलीच्याच कोर्टाने शिक्षा दिली. नागपूर खंडपीठाने अखेर निर्दोष सोडलं ते मार्च 2024 मध्ये. तोवर एक आदिवासी आरोपी कैदेतच वारला होता. कोर्टावर राग धरायचाच, तर या उशिराबद्दल धरा.

आणि कोर्ट वाचवतं कुणाला? इंद्रावती नदीपलीकडे, छत्तीसगडच्या बस्तरमध्ये तिथल्या सरकारने जेमतेम पाचवी शिकलेल्या आदिवासी पोरांना महिना 3000 रुपयांवर विशेष पोलीस अधिकारी केलं, हाती बंदुका देऊन नक्षल्यांसमोर उभं केलं. 2004 ते 2011 मध्ये त्यातले 173 जण मारले गेले. 5 जुलै 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने ही भरती घटनाबाह्य ठरवली, कारण त्या पोरांच्याही जगण्याच्या हक्काचा भंग होत होता. ती सरकारच्या बाजूने लढणारी पोरं होती, आपल्यासारख्याच घरातली. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

राहिलं ‘कोर्टाचं काम नाही’. 1978 च्या घटनादुरुस्तीपासून आणीबाणीतही जगण्याचा हक्क आणि त्यासाठी कोर्टात जाण्याची वाट स्थगित करता येत नाही. आपल्या जिल्ह्यात तर आणीबाणीही नाही.

चकमकीनंतर हे 16 मुद्दे पाळले गेले नाहीत, असं घरच्यांना वाटलं तर त्यांना सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही. ते कोर्ट गडचिरोलीत आहे.