नारळावरचा कोळी आणि लाल कोळी एक नव्हेत

पिकांवरच्या कोळ्यांविषयीच्या (म्हणजे माइट या अतिसूक्ष्म किडीविषयीच्या) तुमच्या लेखात नारळावरचा कोळी आणि भेंडी-वांग्यावरचा लाल कोळी एकाच कुळात घातले आहेत, ते दुरुस्त करावे. नारळावरचा असेरिया गुएरेरोनिस हा इरिओफाईड, म्हणजे चारच पाय असलेल्या सूक्ष्म कोळ्यांच्या गटातला. १९६५ साली कोळ्यांचे अभ्यासक कीफर यांनी मेक्सिकोतल्या गुएरेरो राज्यातल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले, नावही तिथलेच. अंग गाजरासारखे निमुळते, लांबी मिलिमीटरचा जेमतेम पाव भाग, आणि पाय फक्त चार, तेही सगळे पुढे. लाल कोळ्याला आठ पाय (अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा), शिवाय तो पानामागे जाळी करतो.

नमुना घ्यायचा तर तीन-चार महिन्यांचे फळ घ्या. देठाकडच्या टोपीच्या पाकळ्या एकेक उचकटून आत बघा. बाहेर तपकिरी चट्टा दिसतो म्हणून जुने फळ आणले तर आत बहुधा काहीच सापडत नाही. आत भराभर पळणारा मोठा कोळी दिसला तर तो या किडीला खाणारा भक्षक. त्याला गुन्हेगार ठरवू नका.

लाल कोळ्याच्या भाईबंदांत जात ठरते ती नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरून. सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडवर नर अगदी कुशीवरच बसला पाहिजे. जरा कलला की आकार फसवा दिसतो आणि चुकीचे नाव पडते. नुसत्या माद्या गोळा केल्या तर बरेचदा प्रजातीपर्यंतच (जीनसपर्यंतच) थांबावे लागते, नेमकी जात सांगता येत नाही. हॉयरच्या द्रावणातली (नमुना स्लाइडवर बसवायच्या द्रावणातली) स्लाइड नीट सुकवून कडा सील करा, कोकणच्या दमट हवेत तर नक्कीच, कारण ते द्रावण ओल शोषते. रंगावरून मात्र ओळख पटवू नये.