हाकललं नाही, कामाला बोलावलं नाही एवढंच

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय : 'तृतीयपंथीयांची आत्मकथनं एकाच साच्यातली, ती लिहितात दुसरेच, आणि हे सारं शहरी खूळ. आपल्या खेड्यात कोणी कोणाला हाकलत नाही.'

शहरी खूळ म्हणावं, तर २०११ च्या जनगणनेत 'इतर' या नोंदीखाली ४,८७,८०३ जण होते आणि त्यातले निम्म्याहून जास्त ग्रामीण भागातले.

एकच साचा? तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी ठाण्यात वाढल्या, घरच्यांनी त्यांना सोडलं नाही. तमिळनाडूच्या खेड्यातल्या, आत्मकथन लिहिणाऱ्या ए. रेवतींना भावांचा मार खाऊन दिल्ली गाठावी लागली. जिथे साम्य दिसतं, तिथे वागवण्याची रीत सारखी आहे. दलित आत्मकथनांनाही हाच टोमणा ऐकावा लागला होता.

दुसरे लिहितात, हे खरं; पण त्यात लपवाछपवी नाही. लक्ष्मी यांच्या २०१२ च्या मराठी आत्मकथनावर शब्दांकन वैशाली रोडे असं छापलेलंच आहे. शब्दांकन बिघडतं ते वेगळ्या जागी. वऱ्हाडी बाई 'मी गेली' म्हणते, मुद्रितशोधक त्याचं 'गेले' करतो. सांगणारी लहानपणाबद्दल 'गेलो' म्हणते आणि पुढे 'गेली' म्हणू लागते. ते सरसकट एक केलं की कथनातलं वळणच पुसलं जातं. म्हणून ध्वनिमुद्रण आधी जसंच्या तसं उतरवावं, संपादन त्यानंतर. छापण्याआधी सगळा मजकूर सांगणारीला मोठ्याने वाचून दाखवावा. गावाचं आणि नातेवाइकांचं नाव बदलावं, कारण ते तिथेच राहतात.

आता 'हाकलत नाही'. हाकलायची गरजच पडत नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या शेतात निंदण-वेचणी बायकांची, डवरणी (पिकाच्या ओळींमधून औत चालवणं) आणि फवारणी पुरुषांची. निंदायला पात (ओळ) धरताना शेजारी कोण चालेल, हे टोळीतल्या बायका ठरवतात. फवारणीचा पंप कोणाच्या पाठीवर द्यायचा, हे पुरुष. तृतीयपंथीयाला दोन्हीकडून बोलावणं नाही, म्हणजे हंगामभर मजुरी नाही. वेचणी तर किलोवर असते, कोणी वेचलं याने वजन बदलत नाही, तरी टोळी घेत नाही. आत्मकथनाच्या पुस्तकात या सगळ्याचं एकच वाक्य बनतं : गाव सुटलं.

मग बाप वारतो. जमिनीच्या वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे जातो, वारसांची यादी घरचेच देतात आणि त्यात गाव सुटलेल्या या लेकराचं नाव नसतं. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस गावात लागते, माणूस तेव्हा नागपुरात नाहीतर मुंबईत. मंडळ अधिकारी फेरफार (मालकी बदलाची नोंद) प्रमाणित करतात. त्यावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, मुदत ६० दिवस. खबर पोहोचते तोवर ती टळलेली असते. अपिलासोबत उशीर माफ करण्याचा अर्जही देता येतो, पण हे सांगायला गावातून फोन करतो कोण?