‘सेट’चे 430 अर्थ: खुलासा

यवतमाळ-वाशीमकडच्या अभ्यासिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: इंग्रजीत सर्वाधिक अर्थ ‘सेट’ या शब्दाला, तब्बल 430. भरतीची तयारी करणारी पोट्टी तो वहीत उतरवून घेताहेत, म्हणून हा खुलासा.

आकडा खोटा नाही, जुना आहे. तो ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतला. पुढे या कोशाची फेरतपासणी सुरू झाली आणि 2011 मध्ये ‘रन’ पुढे गेला; नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ निघाले. नाला वाहतो, मोटरपंप चालतो, कोणी सरपंचपदाला उभा राहतो, धुताना लुगड्याचा रंग जातो, सगळीकडे ‘रन’च!

शिवाय हा ऐतिहासिक कोश. वापरातून कधीच गेलेले अर्थही त्यात राहतात, पोटअर्थ वेगळे मोजले जातात. घरच्या छोट्या डिक्शनरीत इतके सापडणार नाहीत, शोधूही नका. आपल्याकडे ‘पोरगं सेट झालं’ म्हणजे नोकरी लागली. तो अर्थ आपण लावलेला, त्याचा या मोजणीशी संबंध नाही.

परीक्षेत हा प्रश्न आलाच तर कोशाची कोणती आवृत्ती विचारली आहे, ते आधी पाहा.