पुरणपोळीचे साठ क्रोना

होळीच्या दिवशी आईंनी खालच्या मजल्यावरच्या आजींना पाच पुरणपोळ्या पाठवल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मिरजेहून आमच्याकडे स्वीडनला नव्वद दिवसांच्या व्हिसावर दुसऱ्यांदा आल्यात, येताना पुरणयंत्र बॅगेत घालून. (इथे मिक्सर आहे म्हणून सांगितलं होतं. ऐकतंय कोण!) पोळ्या नेऊन दिल्या मी. आजी पंचाहत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. दारातच "ओय ओय ओय" करत त्यांनी ताट घेतलं, वाटीतलं तूप म्हणजे काय ते विचारून घेतलं, चारपाच वेळा 'ताक' म्हणाल्या आणि दार लावलं. ताक म्हणजे स्वीडिशमध्ये धन्यवाद. आईंना अजूनही वाटतं की ही बाई ताक मागतेय.

वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. स्विश म्हणजे इथलं जीपे समजा. साठ क्रोना जमा. खाली निरोप: 'गोड पोळ्यांबद्दल. फारच चविष्ट!' संध्याकाळी दाराबाहेर पिशवीत ताट-वाटी, घासूनपुसून लख्ख. आणि रिकामी.

"म्हणजे मी पोळ्या विकल्या का?" आई म्हणाल्या. मग जरा वेळाने, "साठ म्हणजे आपले किती होतात?"

पाचशेच्या वर, म्हटलं. आईंच्या चेहऱ्यावर अपमान आणि हिशेब दोन्ही एकदमच दिसले.

फेसबुकवर स्कँडिनेव्हियाबद्दल मराठीत दोनच प्रकारच्या पोस्टी फिरतात. पहिल्या प्रकारात इथे रामराज्य असतं, मंत्री सायकलवरून फिरतात आणि सगळं फुकट मिळतं. (फुकट काही नाही. माझ्या पगारातून महापालिका आणि प्रांत मिळूनच साधारण ३२ टक्के कर घेतात.) दुसऱ्या प्रकारात नुसता काळोख आणि थंडगार माणसं. गोथेनबर्गमध्ये राहून मला सात वर्षं झाली. डिसेंबरात साडेतीनला सूर्य मावळतो हे खरं, पण तेव्हा घराघराच्या खिडकीत सात दिव्यांचा त्रिकोणी स्टँड लागलेला असतो, आणि पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही, सरकारी कामासारखा रेंगाळतो. त्याची सवय होते. सवय होत नाही ती त्या साठ क्रोनांची.

माझं मत विचाराल तर इथल्या आयुष्याची किल्ली आपल्या एका शब्दात आहे: मिंधेपणा. कुणालाही कुणाचं मिंधं व्हायला लागू नये, अशीच या लोकांनी सगळी मांडणी केली आहे. नवरा-बायकोचा कर १९७१ पासून वेगवेगळा. अठरा-वीस वर्षांचं पोर सरकारी शिक्षणकर्ज घेऊन वेगळं राहतं, बापाकडे हात पसरत नाही. म्हातारपणी भाजी आणायला, आंघोळ घालायला महापालिकेची माणसं येतात, सुनेच्या तोंडाकडे बघायला लागत नाही. स्वीडिशमध्ये यासाठी एक लांबलचक शब्द आहे, ताक्सामहेत्सस्कुल्ड. कृतज्ञतेचं कर्ज. त्यातल्या 'स्कुल्ड'चा अर्थ कर्ज असाही होतो आणि अपराध असाही. आपण "तुमचे उपकार कसे फेडू" म्हणतो, तेव्हा ते फेडायचे नसतात हे दोघांनाही ठाऊक असतं. इथे फेडतात, वीस मिनिटांत.

यावर नाक मुरडण्याआधी माझी दोन बाळंतपणं ऐका. पहिलं चिंचवडला, माहेरी. आई होती, मावशी होती, मालिशवाली होती, डिंकाचे लाडू होते. मी बोटसुद्धा हलवलं नाही. पण त्या सव्वा महिन्याचं व्याज अजून फेडतेय. "आम्ही होतो म्हणून" हे वाक्य थोरला नऊ वर्षांचा झाला तरी दर भांडणात कुठून तरी निघतंच.

दुसरं इथे. कुणी येऊ शकलं नाही. धाकटी झाल्यावर नर्सने एक ट्रे आणला. त्यावर दोन चीज सँडविच, फळांचा रस आणि टाचणीवर उभा केलेला बोटभर स्वीडनचा झेंडा. हा ट्रे इथे प्रत्येक बाळंतिणीला आणि तिच्या जोडीदाराला मिळतो. मेथीची भाजी, बाजरीची भाकरी वगैरे आठवून मी रडले, आणि मग दोन्ही सँडविच मीच खाल्ली. पुढे दीड वर्ष आम्ही दोघांनी वाटून घेतलं. एका मुलामागे ४८० दिवसांची रजा, त्यातले प्रत्येकी ९० दिवस दुसऱ्याला देताच येत नाहीत. १९७४ साली आईबरोबर बापालाही ही रजा देणारा स्वीडन जगातला पहिला देश. नवरा आठ महिने घरी होता. त्याने लंगोट बदलले, भाताची पेज केली, बाबागाडी ढकलत इतर बापांबरोबर कॉफी प्यायला गेला. माझ्या बाबांनी फोनवर दबक्या आवाजात विचारलं, "जावईबापूंची नोकरी गेली का गं?" बाबांची सगळी नोकरी चिंचवडच्या एसकेएफ या बेअरिंगच्या कारखान्यात रात्रपाळ्या करण्यात गेली. ती कंपनी १९०७ साली सुरू झाली ती याच गोथेनबर्गमध्ये, पण बापाने रजा घेऊन पेज करायची पद्धत काही बेअरिंगांबरोबर चिंचवडला आली नाही.

नवरा मला 'मदत' करत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. त्याचे दिवस तो भरत होता. त्या आठ महिन्यांबद्दल मी त्याची मिंधी नाही. हे सुख काय असतं, ते "नशीबवान आहेस हो, नवरा किती करतो" असं ऐकत संसार केलेल्या बायकांना सांगायला नको.

तसंच 'वाब'चं. आजारी मुलासाठी घरी थांबण्याला इथे वाब म्हणतात, त्याचं क्रियापदही झालंय. त्या दिवसांचे साधारण ८० टक्के पैसे मिळतात. फेब्रुवारीत पाळणाघरातली सगळी पोरं एकदम शेंबडी होतात, म्हणून त्या महिन्याला गमतीने 'वाब्रुआरी' म्हणतात. साहेबाला सकाळी एका शब्दाचा निरोप टाकायचा: वाब. विनवणी नाही, "सॉरी सर" नाही.

आता दुसरी बाजू.

थोरला सहा वर्षांचा असताना मित्राकडे खेळायला गेला होता. घरी आल्यावर सहज म्हणाला, "ते लोक जेवत होते तेव्हा मी खोलीत लेगो खेळत होतो." मी तीनदा विचारलं. तुला बोलावलं नाही? नाही. वास येत होता? हो, मीटबॉल्सचा. त्या रात्री मी इतकी चिडले की नवऱ्यालाही दोन शब्द ऐकवले, त्याचा काही संबंध नसताना. नंतर कळलं की २०२२ च्या मे महिन्यात याच गोष्टीवरून अख्ख्या जगाने समाजमाध्यमांवर स्वीडनची टर उडवली होती. ऑफिसातल्या एकीने मला समजावून सांगितलं: त्याच्या घरी त्याचं जेवण तयार असणार, आपण जेवू घातलं तर त्याच्या आईचा बेत मोडतो, शिवाय तिच्यावर उगाच ओझं. सगळीच घरं अशी नसतात, तरुण आईबाप तर हल्ली सर्रास वाढतात, असंही ती म्हणाली. तर्क मला पटला. पण माझ्या पोराला मीटबॉल्सचा वास आला होता, आणि तर्काने तो जात नाही.

आईंना हा किस्सा मी अजून सांगितलेला नाही. सांगितला तर त्या त्या घरी जाऊन पिठलं-भात करून येतील.

मागच्या जुलैत त्यांना घेऊन नॉर्वेला गेलो होतो. स्विनेसुंदच्या पुलावर सीमा ओलांडली. समोरून नॉर्वेजियन गाड्यांची रांग, मटण आणि चॉकलेटं स्वस्त पडतात म्हणून खास स्वीडनला येणारी. ओस्लो मागे टाकून सात नंबरचा रस्ता धरला, हार्डांगरचं पठार ओलांडलं. वोरिंगफॉस धबधब्याची एकूण उंची १८२ मीटर. आई कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आंबोलीला गर्दी जास्त, एवढंच."

पुढे फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये आत घुसलेल्या खाडीच्या, काठाने लोफ्थुस गावाच्या दिशेने निघालो. रस्त्याच्या एका अंगाला फळबागा, दुसऱ्या अंगाला पाणी, पाण्यापलीकडे डोंगरमाथ्यावर हिमनदीची पांढरी कड. आणि दर थोड्या अंतरावर लाकडी छपराखाली मांडलेली चेरीची खोकी. एका ठिकाणी थांबलो. मालक नाही, तराजू नाही, राखणीला कुत्रंसुद्धा नाही. फळीवर किंमत आणि व्हिप्सचा नंबर खडूने लिहिलेला. व्हिप्स हे नॉर्वेचं. आमचं स्विश स्वीडनचं. एकातून दुसऱ्यात पैसे जाईनात. रोख पैसे म्हणाल तर नोट हातात धरून मला कित्येक वर्षं झाली होती. आणि हा उलगडा होईपर्यंत आईंनी खोकं उघडून पोरांच्या हातात मूठमूठ चेरी दिलेल्या.

"आता?" नवरा म्हणाला.

"गाडीतनं बाकरवडी आण," आई म्हणाल्या.

अर्धा किलोचा न फोडलेला पुडा. तो फळीवर ठेवला, वर दगड. चिठ्ठी मी लिहिली: तुमच्या चेरी खाल्ल्या, स्वीडनहून पैसे पाठवता येत नाहीत, हा पुण्याचा खाऊ आहे, तिखट आहे, हा माझा नंबर. पुढचे वीस किलोमीटर नवरा मागून पोलीस येतायत का, ते आरशात बघत होता.

दुसऱ्या दिवशी नॉर्वेच्या नंबरावरून दोनच वाक्यं आली. तिखट आहे. वी एर स्कुल्स. या स्कुल्सचं मराठी मला लगेच सुचलं: फिट्टंफाट! मी आनंदाने आईंना वाचून दाखवलं. त्या खट्टू झाल्या. "फिट्टंफाट कसली? पुन्हा या म्हणाला का?"

नाही म्हणाला.

आईंचं आणि माझं इथेच बिनसतं. नातं म्हणजे थोडीशी बाकी राहिलेली उधारी, असं त्यांना वाटतं. वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणजे पुन्हा वाटी येणार, पुन्हा जाणार. हिशेब मिटला की येणंजाणं मिटलं. मी सून म्हणून या उधारीत पुरेशी भरडून निघालेय, त्यामुळे मला फिट्टंफाट आवडतं. निदान आवडायचं.

जानेवारीत खालच्या आजी बर्फावर घसरून पडल्या. मनगट मोडलं. मला कळलं पंधरा दिवसांनी, कपडे धुवायच्या खोलीत. (तिथे मशीनची पाळी आधी लावून ठेवायची. दहा मिनिटं उशीर झाला की दारावर चिठ्ठी चिकटते, 'सर्वांनी नियम पाळल्यास बरे वाटेल'. खाली नाव नसतं.) आजी एका हाताने चादरी घडी करत होत्या. मी म्हटलं, मला हाक का नाही मारली? मी दोन जिन्यांवर तर राहते. त्या खरंच गोंधळल्या. म्हणाल्या, "तुला कशाला त्रास? महापालिकेची माणसं येतात ना. त्यांचं कामच आहे ते."

त्यांच्या आवाजात जराही दुःख नव्हतं, उलट थोडा अभिमानच होता. माझा मात्र घसा दाटला. मी चादरीचं दुसरं टोक धरलं. घडी झाल्यावर त्या 'ताक' म्हणाल्या.

त्या साठ क्रोनांचं आईंनी काय केलं, ते सांगायचं राहिलं. मला दुकानात पाठवून त्याच पैशांचं बेसन आणवलं, लाडू वळले, सात लाडू खाली गेले. लाडवांचे अजून काही आलेले नाहीत. आई दर अर्ध्या तासाने मला फोन बघायला लावतात.

आणि मी कुठल्या तोंडाने बोलतेय? गेल्या डिसेंबरात चिंचवडला मावशीबरोबर दिवसभर फिरले. रिक्षा तिने दिली, मिसळीचे तिने दिले, ब्लाउजच्या शिलाईचेही तिनेच. घरी आल्यावर मी अगदी सहज, काही मनात न आणता फोन काढला आणि म्हटलं, "मावशी, तुझं जीपे आहे ना? सगळे मिळून किती झाले सांग."

मावशी डाळिंब सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कधीपासूनचे सांगू? बारशापासून धरू का?"

आणि दाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवली.