म्हणे रफीची नक्कल!

आज एका कराओके कार्यक्रमात निवेदकाने ठोकून दिलं, "सोनू निगम सुरू होतो १९९७च्या 'बॉर्डर'मधल्या 'संदेसे आते हैं'पासून. त्याआधी काय, नुसती रफीची नक्कल!" आणि लोक हसले. डोकंच फिरलं.

अहो, १९९७च्या आधीची 'रफी की यादें' ऐकली तरी आहेत का? सोनूने गायलेल्या रफीच्या गाण्यांच्या टी-सीरिजच्या कॅसेटी. मूळ रेकॉर्डिंग बहुतेक एचएमव्ही कंपनीकडे, म्हणून टी-सीरिजच्या गुलशन कुमारांनी व्हर्जनची, म्हणजे तीच गाणी दुसऱ्याकडून गाऊन घेण्याची वाट धरली. तेव्हाच्या कायद्यात मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की नोटीस देऊन, रॉयल्टी भरून तेच गाणं नव्या गळ्यातून काढता येई. (२०१२च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षं केली.) मागे कीबोर्डचा भरणा, समोर तुलनेला साक्षात रफीसाहेब, आणि गाणारा जेमतेम विशीतला पोरगा. करून बघा म्हणावं नक्कल!

बरं, नक्कल आहे, मान्य. पण ओळ संपताना आवाज कसा सोडलाय, वरच्या सुरात जाताना गळा कसा मोकळा ठेवलाय ते ऐका. पुढचा सोनू तिथेच घडतोय.

त्या निवेदकाने बहुधा कुणीतरी मरतुकड्या कॅसेट-डेकवरून उतरवलेलं ऐकलं असणार. बेल्ट सैल झाला की टेप हळू फिरते. वेग तीन टक्के घसरला तरी सूर जवळजवळ पाव स्वर उतरतो आणि गायक बेसूर, सुस्त वाटतो. या ट्रॅकवरचा कीबोर्ड बहुधा ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरालाच लावलेला असतो, तेव्हा ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) लावून वेग जुळवता येतो.

घरात कॅसेट असेल तर ती संगणकावर उतरवून ठेवा, आणि त्यासाठी एवढं कराच. आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. आतली फेल्टची गादी निखळली असेल तर टेप हेडला (डेकमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही, आवाज घोगरा येतो. दुसऱ्या कॅसेटची गादी बसवा. तुटलेल्या टेपला साधी चिकटपट्टी अजिबात नको, तिचा गोंद पाझरून हेडला लागतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग अ‍ॅझिमथचा, म्हणजे हेडचा कोन जुळवणारा स्क्रू अगदी किंचित फिरवत, मोनोत (दोन्ही चॅनल एकत्र करून) ऐकत, तिखट, उंच आवाज जिथे सर्वात स्वच्छ येईल तिथे थांबा. कव्हरवर डॉल्बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) लिहिलेलं नसेल तर डेकवरचं डॉल्बी बंद. संगणकावर रेकॉर्ड करताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आणि आवाजाची सर्वोच्च पातळी उणे सहा डेसिबलच्या आसपास.

आणि कव्हरचा आतला कागदही स्कॅन करा हो. वादकांची, अरेंजरची नावं छापली असलीच तर तिथेच.