गांजा, महादेव आणि आपली क्षारपड रानं

सांगली-साताऱ्याकडं कुठं उसात गांजा सापडल्याची बातमी आली, की आमच्या भावकीच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. अर्धे म्हणतात, महादेवाची वनस्पती आहे, सेंद्रिय पिकवली तर बिघडलं कुठं? जर्मनीनं नाही का परवानगी दिली? उरलेले म्हणतात, सगळ्यांना आत टाका. इथं श्टुटगार्टमध्ये बसून ते वाचताना माझं डोकं तडकतं.

जर्मनीला साक्षीला बोलवायचं तर तिची पूर्ण साक्ष ऐका. १ एप्रिल २०२४ पासून इथं सज्ञान माणसाला तीन झाडं लावता येतात, तीही राहत्या घरी, पोरांचा हात पोचणार नाही अशी. श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे गावाबाहेर भाड्यानं मिळणाऱ्या बागेच्या तुकड्यात, नाही. विकायची तर मुळीच नाहीत. आपल्याकडं १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यानं लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तरी उसाच्या आड जो सऱ्या भरतो, तो पैशासाठी भरतो. त्यात महादेवाला ओढू नका. चैत्रात मुंगी घाटातून शिखर शिंगणापूरला कावड चढवणाऱ्याला भक्तीसाठी हे झाड लागत नाही. आणि शेणखतावर वाढलं म्हणून नशा सात्त्विक होत नाही.

माझ्या वरच्या मजल्यावरच्या बाई ही तीन झाडं लावतात. त्यांचं बघण्यासारखं आहे ते मातीचं काम. जुन्या मातीत गांडूळखत, शिंगाचा भुगा आणि बसाल्टची पूड मिसळतात. ज्या दगडाचा आपला अख्खा सह्याद्री, तो त्या पिशवीतून विकत आणतात! गाईच्या शिंगात हिवाळाभर पुरलेलं शेण बादलीत तासभर ढवळतात; भोवरा खोल झाला की हात उलटा फिरवतात. बायोडायनॅमिक शेतीचा पाया घालणाऱ्या रुडॉल्फ श्टायनरनं १९२४ मध्ये सांगितलेली ही पद्धत. ढवळताना एक शब्द बोलत नाहीत. त्यांचं चंद्राचं पंचांग मला पटत नाही, पण मातीपुढं असं गप्प बसलेलं माणूस मी गावाकडं बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नाही.

आपल्याकडं जीवामृत आहे: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. गूळ तर आपल्याच उसाचा. पण कृष्णाकाठची रानं पाणी पाजून पाजून क्षारपड झाली, पांढरी फुटली, यावर ग्रुपवर एक अक्षर निघत नाही.

हे मी लिहिलं तेव्हा दादानं उत्तर दिलं, "मग ये आणि करून दाखव." सोसायटीचं कर्ज त्याच्या डोक्यावर, तोडीसाठी चकरा तो मारतो, आणि युरिया कमी कर म्हणून मी इथनं सांगतो. माझ्याकडं उत्तर नव्हतं. सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली माझंही नाव आहे, आणि ते कमी करू नकोस, एवढंच मी त्याला वेगळा मेसेज करून कळवलं. गांजाच्या वादात मात्र मी एक पाऊलही मागं घेणार नाही.